पन्नास सेकंदांची गाणी, चाळीस वर्षांची वाट

मॅसॅच्युसेट्समधल्या डीप वूंड नावाच्या बँडने १९८३ साली एक रेकॉर्ड काढली. सात इंचांची. आपल्याकडे एवढ्या तबकडीवर सिनेमाची दोन गाणी असायची, फार तर चार. डीप वूंडने तिच्यावर नऊ बसवली, आणि त्यासाठी कसलीही तांत्रिक चलाखी करावी लागली नाही. गाणीच तेवढी होती. सुरू झालं म्हणेपर्यंत संपायची. ड्रमवरचा जे मॅस्किस आणि गिटारवरचा लू बार्लो तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. पुढे डायनासोर ज्युनियर या बँडमधून दोघांचं नाव झालं. या रेकॉर्डवर मात्र पुढच्या नावलौकिकाचा मागमूस नाही. तिथे फक्त घाई आहे.

तबकडीवरच्या वेळेशी झालेली झटापट आपल्याकडेही जुनी आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं तबकडीवर उतरलं, तेव्हापासून कित्येक दशकं आपले गवई तासाभराचा ख्याल तीन-सव्वातीन मिनिटांत कसा मावेल याच विवंचनेत होते. डीप वूंडसारख्या हार्डकोर पंकवाल्यांची अडचण नेमकी उलटी: गाणी संपायची आणि तबकडी उरायची.

या रेकॉर्ड तेव्हा शंभर, दोनशे, पाचशे अशा निघाल्या. गावातल्या गावात विकल्या गेल्या, मित्रांना वाटल्या गेल्या, पावसात भिजल्या, आयांनी भंगारात टाकल्या. आज त्यांतल्या कित्येक पुन्हा छापल्या जात आहेत, नीट मूळ टेप शोधून, जुन्या फोटोंसह, कधी बँडपेक्षा जाड पुस्तिका जोडून. अशा फेरछपाईला रीइश्यू म्हणतात, आणि त्या जमवणारे लोक जगभर आहेत. पन्नास सेकंदांच्या आरडाओरड्यासाठी एवढा खटाटोप का, हा प्रश्न रास्त आहे. पण त्या खटाटोपात रसायनशास्त्र, टपालखातं, शीतयुद्ध आणि माळ्यावर ठेवलेली खोकी असं काय काय सापडतं, ते पाहण्यासारखं आहे.

पंक १९७६-७७ च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये वयात आलं आणि लगेच मोठ्या कंपन्यांच्या हातात गेलं. त्यानंतर अमेरिकेच्या उपनगरांतल्या, वयाने आणखी लहान पोरांनी ते उचललं आणि त्यातलं जे जे काढून टाकता येईल ते काढून टाकलं. लांब सोलो नको, प्रेमगीत नको, वेशभूषा नको, मधला श्वाससुद्धा नको. हेच हार्डकोर. कॅलिफोर्नियात सँटा ॲना इथल्या मिडल क्लास या बँडची ‘आउट ऑफ व्होग’ ही चार गाण्यांची रेकॉर्ड १९७८ ची. पुष्कळ जण तिला पहिली हार्डकोर रेकॉर्ड मानतात. ब्लॅक फ्लॅग या बँडचा गिटारवादक ग्रेग गिन याचा हौशी रेडिओवाल्यांसाठी इलेक्ट्रॉनिक सामान बनवण्याचा छोटा धंदा होता. त्या धंद्याच्याच एसएसटी या नावाने त्याने रेकॉर्ड काढायला सुरुवात केली. वॉशिंग्टनच्या बॅड ब्रेन्समधले चौघे कृष्णवर्णीय वादक आधी जॅझ फ्यूजन वाजवत होते. म्हणून त्यांचा वेग ऐकताना कधी हात घसरल्यासारखं वाटत नाही. तो वेग तालमीतून आलेला आहे. त्यांची पहिली रेकॉर्ड १९८० ची. पण त्याआधी १९७९ मध्ये डॉन झिएंटारा नावाच्या ध्वनिमुद्रकाच्या घरगुती स्टुडिओत त्यांनी जे वाजवून ठेवलं होतं, ते ‘ब्लॅक डॉट्स’ म्हणून लोकांपुढे आलं १९९६ मध्ये. सतरा वर्षांनी. या क्षेत्रात सतरा वर्षं म्हणजे फार उशीर नव्हे.

याच वॉशिंग्टनमधली एक गोष्ट मला या सगळ्या प्रकाराचा पाया वाटते. टीन आयडल्स हा शाळकरी मुलांचा बँड. वर्षभर कार्यक्रम करून त्यांनी साधारण ६०० डॉलर साठवले आणि १९८० साली बँड मोडला. पैसे वाटून घ्यायचे की त्यातून रेकॉर्ड काढायची, हा प्रश्न. बँड तर संपला होता, रेकॉर्ड विकायला कोणी मंचावर जाणार नव्हतं. तरी त्यांनी रेकॉर्डच काढली. १,००० प्रती. इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांचं डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स हे लेबल त्या एका रेकॉर्डपुरतं जन्माला आलं आणि अजून चालू आहे. कव्हर छापून चिकटवून घ्यायला पैसे उरले नव्हते. मग त्यांनी एका ब्रिटिश रेकॉर्डचं कव्हर उकलून सपाट केलं, त्याचा आकार कागदावर उतरवला आणि मित्रमंडळींना जमवून कात्री-गोंदाने कव्हरं बनवली. कव्हरवर दोन मुठी आहेत, हातांवर काळ्या फुल्या. अल्पवयीन मुलांना दारू दिली जाऊ नये म्हणून क्लबवाले हातावर अशी खूण करत. पोरांनी तीच खूण मिरवली.

म्हणजे पहिल्यापासूनच ही वस्तू एखाद्या संपलेल्या गोष्टीची नोंद होती. रेकॉर्ड काढली म्हणजे धंदा सुरू झाला असं नव्हतं. आम्ही होतो, एवढंच तिने सांगायचं होतं.

मिशिगनमध्ये तर आकडे आणखी खाली जातात. टच अँड गो हे आधी लान्सिंगमधून निघणारं, झेरॉक्स काढून वाटलेलं नियतकालिक. पुढे त्याच नावाने रेकॉर्ड निघायला लागल्या. १९८१ मधली त्यांची पहिली रेकॉर्ड नेक्रोज या बँडची, प्रती १००. दुसरी द फिक्सची ‘व्हेंजन्स’, प्रती २००. या दोनशेतली एखादी आज विक्रीला आलीच तर हजारो डॉलरना जाते. माझं मत विचाराल तर त्या वाटेला जाऊ नये. ती संगीताची खरेदी राहत नाही.

पण दोनशे हा आकडा तांत्रिकदृष्ट्या किती विचित्र आहे हे कळायला रेकॉर्ड कशी बनते ते पाहावं लागेल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

ॲल्युमिनियमच्या तबकडीवर लाखेसारख्या मऊ द्रव्याचा आरशासारखा गुळगुळीत थर असतो. ती फिरत असते आणि तापवलेली रत्नाची सुई तिच्यात एकच एक खाच कोरत आत सरकत जाते. खाच केसाच्या जाडीएवढी. तिच्या दोन भिंती म्हणजे डावा आणि उजवा आवाज. एलपीच्या वीस मिनिटांच्या एका बाजूवरची ही खाच सरळ केली तर चारशे मीटरच्या वर भरेल. सात इंचीवर चार मिनिटांना ऐंशीएक मीटर. आवाज मोठा हवा तर सुईला जास्त हेलकावे, म्हणजे खाच रुंद, म्हणजे एका बाजूवर मावणारा वेळ कमी. तास-दीड तासाच्या संगीताला ही कात्री जाचते. हार्डकोरला ती वरदान ठरली. गाणी छोटी, जागा मुबलक, मग खाच हवी तेवढी रुंद आणि आवाज छातीवर आदळेल एवढा मोठा.

फायदा एवढ्यावरच संपत नाही. एलपी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर खाच जाते. आत लेबलपाशी पोचेपर्यंत वर्तुळ लहान होतं आणि तेवढ्याच सेकंदाला वीसेक सेंटिमीटरच उरतात. तेवढीच माहिती निम्म्याहून कमी जागेत कोंबली जाते, म्हणून बाजूच्या शेवटची गाणी चिरकतात. ज्यांची बाजू आठ-दहा मिनिटांतच संपते ते आतल्या त्या अरुंद गल्लीत जातच नाहीत.

तोटा झांजांचा. कोरताना मंद्र स्वर मुद्दाम कमी आणि तीव्र स्वर मुद्दाम वाढवून कोरले जातात. ऐकताना यंत्र उलटा हिशेब करून सगळं जागेवर आणतं. १९५४ पासून हे प्रमाण अमेरिकेत ठरलेलं आहे. पण ज्या संगीतात झांज अखंड वाजते आणि वर माणूस किंचाळतो, तिथे आधीच तीव्र असलेलं आणखी तीव्र होतं आणि कोरणाऱ्या यंत्राची वेटोळी तापतात. काही यंत्रांत ती थंड ठेवायला हेलियम वायू सोडतात. गॅरेजमध्ये उधारीच्या ड्रमवर केलेला गोंधळ जपून तबकडीवर उतरावा म्हणून प्रयोगशाळेतला वायू! मी हे वाचलं तेव्हा मला फार गंमत वाटली होती.

कोरलेल्या तबकडीवर चांदीचा फवारा, त्यावर विजेच्या साहाय्याने निकेलचा थर. तो थर सोलून काढला की खाचेच्या जागी उंचवटा आलेला उलटा साचा मिळतो. त्यावरून पुन्हा सुलटा, त्यावरून पुन्हा उलटा, आणि हा शेवटचा साचा दाबयंत्रात बसतो. मध्ये पीव्हीसीचा तापलेला गोळा, वरून-खालून वाफेने तापवलेले साचे, शंभरेक टनांचा दाब, मग गार पाणी. अर्ध्या मिनिटात रेकॉर्ड तयार. असा एक साचा साधारण हजारभर प्रती काढतो. म्हणजे द फिक्सच्या दोनशे प्रतींनंतर तो जेमतेम सरावला होता. पुढची मागणी आली नाही तर कारखाना साचे कायम सांभाळत बसत नाही. धातूला भाव असतो.

साचे गेले म्हणजे मदार टेपवर. आणि टेपचं एक दुखणं आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढे काही कंपन्यांनी, त्यात ॲम्पेक्सचं नाव ठळक, टेपवरचे चुंबकीय कण धरून ठेवायला जे बंधद्रव्य वापरलं ते हवेतली ओल शोषून घेतं. वीस-तीस वर्षांनी टेप यंत्रावर चढवली की ती चिकटते, करकरते आणि तपकिरी चिखल मागे सोडते. त्या चिखलातच गाणं असतं. यावरचा उपाय प्रथम ऐकणाऱ्याला थट्टा वाटते: टेप भाजायची. सुमारे ५४ अंश सेल्सिअसला, कित्येक तास, अगदी एकसारख्या उष्णतेत. ओल निघून जाते, टेप काही काळापुरती ठणठणीत होते, आणि त्या मुदतीत ती एकदा नीट वाजवून उतरवून घ्यायची. रीइश्यूच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत ‘टेप भाजून’ असा उल्लेख दिसला की समजावं, कोणीतरी खरंच घाम गाळला आहे.

टेपच नसेल तर? मग जगातली सगळ्यात कमी घासलेली प्रत शोधायची, धुवायची, उत्तम सुईने वाजवायची आणि एकेक खरखर हाताने काढायची. अशा रीइश्यूला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मी मुरडत नाही. ज्या बँडने स्वतःची टेप परवडत नाही म्हणून पुसून पुन्हा वापरली असेल, त्याच्याबाबतीत प्रत हेच मूळ.

शोधाच्या कथांपैकी सगळ्यात विलक्षण कथा खरं तर हार्डकोरच्या आधीची आहे, पण तिच्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. डेट्रॉइटचे तीन सख्खे भाऊ, डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी. कृष्णवर्णीय वस्तीतली मुलं, आधी फंक वाजवणारी. मग त्यांनी रॉक ऐकलं आणि वळण बदललं. वडील अपघातात गेल्यावर डेव्हिडने बँडचं नाव ठेवलं ‘डेथ’. १९७५ मध्ये त्यांनी सात गाणी ध्वनिमुद्रित केली. रेकॉर्ड व्यवसायातले बडे अधिकारी क्लाइव्ह डेव्हिस यांना रस होता, पण नाव बदला म्हणाले. डेव्हिडने नकार दिला. मग १९७६ मध्ये भावांनी स्वतःच एक सात इंची रेकॉर्ड काढली, ५०० प्रती. कोणी विचारलं नाही. रेडिओला कृष्णवर्णीय पोरांचं रॉक नको होतं आणि शेजाऱ्यांना रॉकच नको होतं.

भाऊ व्हरमाँटला गेले. तिथे ते आधी भक्तिपर रॉक वाजवू लागले. मग डेव्हिड डेट्रॉइटला परतला आणि धाकट्यांनी रेगे धरलं. डेव्हिडने मूळ टेपा बॉबीकडे दिल्या होत्या आणि एक दिवस जग हे शोधत येईल असं बजावलं होतं. २००० साली कर्करोगाने तो गेला. टेपा माळ्यावर राहिल्या. इकडे त्या पाचशे प्रतींतल्या काही संग्राहकांच्या हाती लागून बोलबाला व्हायला लागला होता. बॉबीच्या मुलांनी ते गाणं बाहेरच ऐकलं आणि गाणाऱ्याचा आवाज ओळखला. वडिलांनी घरात कधी विषयच काढला नव्हता. २००९ मध्ये शिकागोच्या ड्रॅग सिटी या लेबलने ती सात गाणी एलपीवर आणली. पंकचा कालक्रम लिहिणाऱ्यांना पान खोडून पुन्हा लिहावं लागलं, कारण ज्यांच्यापासून पंकची सुरुवात धरतात त्या रामोन्सच्या पहिल्या एलपीच्या आधीच डेट्रॉइटमध्ये कोणीतरी त्याच दिशेने, त्याच वेगात धावत होतं.

रीइश्यूचं मला सगळ्यात जास्त मोल वाटतं ते इथे. आठवणी चाळवण्यासाठी जुनी रेकॉर्ड पुन्हा निघते असा समज आहे. पण ज्या रेकॉर्ड कोणी ऐकल्याच नाहीत त्यांच्या आठवणी कुणाला असणार? त्या निघतात तेव्हा भूतकाळात नव्यानेच एक माणूस येऊन उभा राहतो, आणि त्याच्या आजूबाजूच्या सगळ्यांना सरकून जागा द्यावी लागते.

व्हॉइडचं तसंच झालं. मेरीलँडमधल्या कोलंबिया या आखीवरेखीव, योजना करून वसवलेल्या शहरातली ही मुलं. १९८२ मध्ये डिस्कॉर्डने एकच एलपी दोन बँडांत वाटली: एका बाजूला फेथ, दुसऱ्या बाजूला व्हॉइड. फेथ शिस्तीत वाजवतात. व्हॉइडची बाजू सुरू झाली की वाटतं चौघे चार वेगळी गाणी वाजवत आहेत आणि तरी एकाच खड्ड्यात एकाच क्षणी पडत आहेत. बबा डुप्रीची गिटार मध्येच सूर सोडून नुसती कण्हत राहते. त्या काळी ही बाजू कित्येकांना नुसता गोंधळ वाटली; आज अनेक जण ती एलपी केवळ त्या बाजूसाठी घेतात. त्यांनी १९८३ मध्ये टच अँड गोसाठी एक पूर्ण एलपी वाजवून ठेवली होती, पण ती निघायच्या आत बँड संपला. २०११ मध्ये डिस्कॉर्डने त्यांची आधीची कच्ची ध्वनिमुद्रणं एकत्र काढली. ती ऐकली की कळतं, गोंधळ अपघाताने झालेला नव्हता. त्यांनी तो हळूहळू घडवला होता.

बॉस्टनजवळच्या वेमाउथ गावच्या सीज या बँडला तर हयातीत स्वतःची रेकॉर्डच मिळाली नाही. १९८४ मध्ये सहा गाण्यांची कॅसेट, ‘ड्रॉप डेड’. त्यातल्या शेवटच्या लांबलचक, संथ गाण्यात गायक केव्हिन महोनी सॅक्सोफोन वाजवतो. पुढे एका संकलनात आणखी तीन गाणी, आणि बँड बंद. पण ती कॅसेट प्रतीवरून प्रत होत अटलांटिक ओलांडून बर्मिंगहॅमच्या नेपाम डेथपर्यंत पोचली, आणि ग्राइंडकोर नावाचा पुढचा, आणखी वेगवान प्रकार जन्माला येण्यात तिचा हात आहे. तबकडीवर ही गाणी आली ती नंतर. म्हणजे प्रभाव आधी आणि रेकॉर्ड मागाहून.

कॅसेट अटलांटिक कशी ओलांडायची? टपालाने. कव्हरच्या मागे पत्ता छापलेला असायचा, बहुधा कोणाच्या तरी आईवडिलांच्या घरचा. डिस्कॉर्डनेही सुरुवातीला मकायच्या आईवडिलांचा पत्ता वापरला. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून १९८२ पासून ‘मॅक्सिमम रॉकनरोल’ हे मासिक निघू लागलं, आणि टिम योहॅनन या त्याच्या हट्टी संपादकाने देशोदेशीच्या बँडांची परीक्षणं पत्त्यांसकट छापायला सुरुवात केली. मासिकाकडे आलेल्या रेकॉर्डच्या कव्हरांच्या कडांना हिरवी चिकटपट्टी लावायची त्यांची पद्धत होती, चोरी झाली तर ओळखता यावं म्हणून. टपालखर्च वाचवण्याची या मंडळींची युक्ती तर बेकायदा आणि मजेशीर: तिकिटावर साबणाचा किंवा गोंदाचा हात फिरवायचा, म्हणजे शिक्का त्या थरावर बसतो, पलीकडच्याने तिकीट धुवून परत पाठवायचं. एकेक तिकीट कितीदा समुद्रापार गेलं असेल, देव जाणे.

या टपालामुळे नकाशा भलताच झाला. फिनलंडच्या उत्तरेला, स्वीडनच्या सीमेवरच्या तोर्निओ गावातला तेर्वेत कॅदेत हा बँड ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या पोरांना शेजारच्या गल्लीतला वाटायचा. साओ पाउलोमध्येच १९८२ साली ‘ग्रीतो सुबुर्बानो’ हे संकलन निघालं, तेही लष्करी राजवट चालू असताना. टोकियोच्या जी.आय.एस.एम.ची ‘डिटेस्टेशन’ इतकी वर्षं फक्त चोरट्या आवृत्त्यांतून फिरत राहिली की २०२० मध्ये अमेरिकेच्या रिलॅप्स या लेबलने ती रीतसर काढली तेव्हा कित्येकांना विश्वास बसला नाही. आणि पोलंड! वॉर्सामधल्या एका बँडने स्वतःला सोव्हिएत क्षेपणास्त्राचं नाव घेतलं, एसएस-२०. ते अर्थातच चाललं नाही, झाले डेझर्टर. आणि यांची पहिली सात इंची रेकॉर्ड १९८३ मध्ये काढली कोणी, तर सरकारी मालकीच्या टोनप्रेसने. अमेरिकेत लोकशाहीतली मुलं कात्री-गोंद घेऊन बसली होती आणि कम्युनिस्ट सरकारचं यंत्र पंक छापत होतं. इतिहास असा वाकडा चालतो म्हणून तो वाचावासा वाटतो.

चोरट्या आवृत्त्यांचा विषय निघालाच आहे तर तोही सांगायला हवा. १९८९ पासून ‘किल्ड बाय डेथ’ नावाची संकलनं निघू लागली. कुणाची परवानगी नाही, कुणाला मानधन नाही. दुर्मीळ सात इंची रेकॉर्डवरून थेट उतरवलेली गाणी. चोरीच ती. पण ओहायोच्या किंवा टेक्ससच्या एखाद्या खेड्यातल्या बँडचं नाव त्याच्या गावाबाहेर पहिल्यांदा गेलं ते या चोरीमुळे, आणि पुढे रीतसर रीइश्यू काढणाऱ्यांनी शोध सुरू केला तो बऱ्याचदा याच यादीवरून. मी या चोरांना नावं ठेवतो आणि त्यांची संकलनं ऐकतो. दोन्ही प्रामाणिकपणे.

रीतसर काम करणाऱ्यांत इटलीचं एफ.ओ.ए.डी., फिनलंडचं स्वार्ट, लंडनचं ला विदा एस उन मुस अशी छोटी लेबलं आहेत. त्यांचं खरं काम छपाईच्या आधी संपतं: आता पन्नाशी-साठी ओलांडलेला ड्रमवाला शोधणं, त्याला पटवणं की हो, तुमच्या त्या चार महिन्यांच्या बँडबद्दलच बोलतो आहोत, हक्क कोणाचे ते ठरवणं, भांडलेल्या दोघांना एका कागदावर सही करायला लावणं.

छपाई सोपी आहे असंही नाही. ६ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावी अपोलो मास्टर्स या कारखान्याला आग लागली. लाखेच्या ज्या कोऱ्या तबकड्यांवर मूळ खाच कोरली जाते, त्या जगात दोनच ठिकाणी मोठ्या प्रमाणावर बनत: इथे आणि जपानमध्ये. एका सकाळीत दोनाचे एक झाले. तांब्यावर थेट कोरायची दुसरी पद्धत १९८० च्या दशकापासून आहे, तिने बराच भार उचलला. चेक प्रजासत्ताकातल्या लोडेनित्से गावचा जीझेड मीडिया हा प्रचंड कारखाना तिच्यावर पुष्कळ काम करतो. हा कारखाना १९५१ चा, कम्युनिस्ट काळातला. आज अमेरिकी पंकच्याही रेकॉर्ड तिथे दाबल्या जातात. मागणी एवढी आहे की २०२२ मध्ये अमेरिकेत रेकॉर्डच्या प्रती सीडींपेक्षा जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. त्यात आपल्या या पोरांचा वाटा नगण्य. उलट मोठ्या तारकांच्या लाखो प्रती रांगेत असल्या की तीनशे प्रतींची मागणी मागे ढकलली जाते, आणि छोटी लेबलं महिनोनमहिने वाट पाहतात.

विकत घेताना काय पाहावं? रंग पाहू नये. जांभळी, ठिपक्यांची, अंधारात चमकणारी अशी तबकडी दिसायला छान असते. ऐकताना दिवा बंद असला तरी चालतं. १८० ग्रॅम वजनाचाही फार बाऊ करू नये, खाच तेवढीच खोल असते. पाहायचं ते मूळ कुठून घेतलं हे सांगितलं आहे का: टेप, की रेकॉर्डची प्रत, की नुसतंच मौन. या बाबतीत मोठेही घसरतात. मोबाइल फिडेलिटी ही कंपनी आपल्या महागड्या रेकॉर्ड निव्वळ टेपवरून कोरल्याचा लौकिक मिरवत होती. २०२२ मध्ये मधल्या टप्प्यावर डिजिटल फाइल वापरल्याचं उघड झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं. तीनशे प्रतींचं लेबल जेव्हा सरळ लिहितं की टेप मिळाली नाही, एका मित्राच्या प्रतीवरून घेतलं आहे, तेव्हा मला त्याचा जास्त भरवसा वाटतो.

आणि तबकडी हातात आल्यावर ती उजेडात तिरकी धरावी. शेवटचं गाणं आणि लेबल यांच्यामध्ये गुळगुळीत पट्टी असते. तिथे क्रमांक कोरलेला असतो, आणि बऱ्याचदा कोरणाऱ्याची सही, एखादा शेरा, एखादी शिवी. ब्रिटनचा जॉर्ज पेकम तिथे आपल्या ‘पोर्की’ या टोपणनावाने मोहोर उमटवायचा. हार्डकोरवाल्यांनी ही जागा घरच्या फळ्यासारखी वापरली. २००० साली सुरू झालेल्या डिस्कॉग्स या सूचीत हे खरवडलेले क्रमांक जगभरच्या हौशी लोकांनी नोंदवून ठेवले आहेत. त्यावरून आपली प्रत कोणत्या छपाईची ते ताडता येतं. खऱ्या-खोट्याचा निवाडा पुष्कळदा या दोन बोटांच्या पट्टीवर होतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने फेथ आणि व्हॉइडची ती वाटून घेतलेली एलपी आधी घ्यावी. डिस्कॉर्ड आपल्या जुन्या रेकॉर्ड बाजारात ठेवतं आणि किंमतही माणसाने द्यावी अशीच लावतं, त्यामुळे दोनशे प्रतींच्या मागे धावावं लागत नाही. फेथची बाजू पहिली ऐकावी; बरी आहे, सुबक आहे. मग उलटी करावी. आवाज नेहमीपेक्षा जरा वर ठेवावा आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी कल्पना देऊन ठेवावी. व्हॉइडचं पहिलं गाणं काय चाललंय हे कळायच्या आत संपेल, दुसरं सुरू झालेलं असेल. सुई मागे न्यायची नाही. बाजू संपेपर्यंत थांबायचं आणि मग हवं तर पुन्हा पहिल्यापासून लावायची. वेळ फार जात नाही.